रोजनामा

प्रबंधात ऋणनिर्देशाचं एक पान असतं. माझ्या त्या पानावर मार्गदर्शक आहेत, ग्रंथालयं आहेत, शिष्यवृत्ती देणारे आहेत. दोन माणसं मात्र राहिली. एक न्यायालयातले शिरस्तेदार, ते तेव्हा नोकरीत होते आणि नाव छापू नका म्हणाले. दुसरी एक फासेपारधी बाई. तिच्या मुलाचे खटले उभे होते, म्हणून मीच तिचं नाव बाहेर ठेवलं. प्रबंध उभा आहे तो या दोघांवर.

माझा प्रश्न सरळ होता. त्याच गुन्ह्याला गरिबाला, आणि त्यातही एखाद्या जमातीच्या माणसाला, जास्त शिक्षा होते का? डोळ्यांपुढे अमेरिकेतल्या डेव्हिड बाल्डस यांचा अभ्यास होता. त्यांनी जॉर्जिया राज्यातले खुनाचे दोन हजारांहून जास्त खटले तपासले आणि दाखवलं, की मारला गेलेला माणूस गोरा असेल तर आरोपीला मृत्युदंड होण्याची शक्यता चौपटीहून अधिक होते. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की आकडे खरे धरले तरी समोरच्या एका आरोपीवर अन्याय झाला हे त्यातून ठरत नाही. मला तो निकाल आजही पटत नाही. पण असा तक्ता आपल्याकडेही व्हावा, या जिद्दीने मी मराठवाड्यातल्या एका तालुका न्यायालयात परवानगी काढून बसले आणि चोरीच्या खटल्यांची निकालपत्रं मागितली.

लाल कापडात बांधलेला गठ्ठा शिरस्तेदारांनी माझ्यापुढे ठेवला, पण गाठ सोडली नाही. “बाई, निकालात शिक्षा दिसेल. माणूस किती दिवस आत बसला, ते रोजनाम्यात बघा.”

रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला खटल्यात काय झालं त्याची ओळ-दोन ओळींची नोंद. आरोपीला तुरुंगातून आणलं नाही, पोलीस पथक उपलब्ध नाही. साक्षीदार गैरहजर, समन्स पुन्हा काढावे. आरोपीचे वकील गैरहजर. पुढील तारीख. पानंच्या पानं हेच. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते मला त्या ओळी वाचायला शिकवत. जामीन मंजूर झाल्याची तारीख एका कागदावर, सुटकेचा हुकूम दुसऱ्या कागदावर. दोन्ही काढा आणि मधले महिने मोजा. काही खटल्यांत दुसरा कागदच नव्हता. शेवटी आरोपीने गुन्हा कबूल केलेला, आणि निकाल असा की भोगलेली कैद हीच शिक्षा.

“कबूल केलं की संध्याकाळी घरी. नाही केलं तर खटला संपेपर्यंत आत. तुम्ही असता तर काय केलं असतं?” त्यांनी विचारलं.

माझ्या निकालांच्या तक्त्यात हा माणूस सौम्य शिक्षा मिळालेला म्हणून बसला असता. गरिबावर न्यायालय दया करतं, असंही त्यातून कुणी सिद्ध केलं असतं. आणि ती कबुली पुढच्या वेळी त्याच्याच विरुद्ध कागदावर येते: पूर्वी शिक्षा झालेला, सराईत.

ती बाई मला न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटली. मुलाला पंधरा हजारांचा जामीन कधीच मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. जामीनदाराकडे सातबारा हवा, तहसीलचा ऐपतीचा दाखला हवा, आणि पारध्याच्या पोरासाठी उभं राहायची तयारी हवी. १९७८ सालीच मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका गवंड्याला मागितलेला दहा हजारांचा जामीनदार अन्यायकारक ठरवला होता. त्या निकालाचा वारा या व्हरांड्यापर्यंत आला नव्हता.

खताच्या पिशवीतून तिने कागद काढले आणि फरशीवर ओळीने मांडले. वाचता येत नव्हतं, पण शिक्क्यांच्या रंगावरून एकाही कागदाची जागा चुकली नाही. मी अटकेची तारीख विचारली. “पोळ्याच्या दिशी नेला,” ती म्हणाली. “बैलं वेशीत व्हती.” मी पंचांगात अमावस्या पाहिली. अटकेच्या कागदावरची तारीख तीन दिवसांनंतरची होती. ते तीन दिवस रोजनाम्यातही नाहीत, कुठेच नाहीत. शिरस्तेदारांनी शिकवलेलं वाचन जिथे संपत होतं, तिथून पुढचं या बाईने शिकवलं. दुसऱ्या खटल्याबद्दल विचारलं तर म्हणाली, “ताई, चोरी मागून व्हती. नाव आदी लिवतेत.”

१८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पुढे फासेपारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. तुरुंगांच्या सरकारी अहवालात आज तिच्या मुलासाठी वेगळा रकानाही नाही. २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. त्यांत अनुसूचित जमातींची बेरीज मिळते, पण फासेपारधी किती ते त्यातून निघत नाही.

नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तेव्हा मी मोठ्या आशेने कलम ४७९ वाचलं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. मग त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचलं: एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. ज्याचं नाव आधी लिहिलं जातं त्याच्यावर एकच खटला कसा असेल? कायदा करणाऱ्यांनी त्या व्हरांड्यात एक दुपार बसायला हवं होतं.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामीन मंजूर होऊन महिनाभरात हमी देता आली नाही तर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार स्वतःहून करावा. त्याच्या आधारे विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी अर्ज केला आणि पहिल्या खटल्यात मुलाला जातमुचलक्यावर जामीन मिळाला. दुसऱ्या खटल्यात जामीनदाराची अट कायम राहिली.

शिरस्तेदार आता निवृत्त होऊन गावी शेती करतात. मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मुलाचं वय विचारलं, खटला क्रमांक लिहून घेतला आणि म्हणाले, सातबारा माझ्या नावावर आहे, मी उभा राहतो. ऐपतीच्या दाखल्यासाठी त्यांनी तहसीलमध्ये अर्ज दिला आहे.