आडवी रेघ

आमच्या शाळेतल्या मुलांना समुद्राचे चित्र काढायला सांगितले, की ती आधी पट्टी शोधतात. कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ ओढली, की त्यांचे निम्मे काम झाले. रेघेच्या वर आभाळ, खाली पाणी. मग वर एक विमान, खाली एक बोट. विमान कधी रेघेच्या खाली उतरत नाही आणि बोटीची डोलकाठी कधी रेघ ओलांडत नाही. मॅट्रिक होऊन चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि मी मास्तर झालो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. पण मुलांच्या कागदावरची ही रेघ काही मला पुसता आलेली नाही. बरे, ही मुले मालवणच्या किनाऱ्यावरची. उशापायथ्याशी समुद्र. तरीही पट्टी सुटत नाही.

मोठी माणसेही हीच रेघ ओढतात, हे मला गेल्या दिवाळीत कळले. माझा एक जुना विद्यार्थी नौदलात अधिकारी झाला आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षे, मग केरळात एळिमलाच्या नौदल अकादमीत, मग शिकाऊ जहाजावर, असा प्रवास करून तो सुट्टीवर आला होता. पुढची वाट निवडायची वेळ आली होती. जहाजावरच राहायचे, की नौदलाच्या विमानशाखेत जायचे? वैमानिक होऊ पाहणाऱ्यांची एक यंत्रावरची कसोटी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाले, की ते दार कायमचे बंद. आमचा पोरगा त्या कसोटीला उतरला होता. म्हणजे दार उघडे होते, आणि त्यामुळेच पंचाईत होती. बंद दारांचा माणसाला फारसा त्रास होत नाही. झोप उडवतात ती उघडी दारे.

फराळाला बोलावले म्हणून मी त्यांच्या घरी गेलो, तर चकल्यांच्या ताटाभोवती सारे घर या प्रश्नावर बसलेले. आईचा प्रश्न एकच: ‘‘जिवाला धोका कशात कमी?’’ मुंबईहून आलेल्या मामांचा प्रश्न: ‘‘वरच्या हुद्द्यावर लवकर कोण जातो?’’ आजीने तर मुळाशीच हात घातला: ‘‘दिवाळेक घराक कोण येता, ता सांगा.’’ वडील ट्रॉलरवर तांडेल आहेत. सारी हयात पाण्यावर गेलेला माणूस. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘गुरुजी, माका पाण्यातला समाजता. आभाळातला समाजणा नाय.’’ आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला सगळ्यातले थोडे थोडे कळते, असा लोकांचा समज असतो. तो आपण होऊन मोडण्याइतका मी साधू नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर १९७१ साली देऊन झालेले आहे. त्या वर्षी ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात शत्रूच्या पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जहाजाचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. ते त्याच्याबरोबरच पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी त्या पाणबुडीच्या शोधात निघालेले नौदलाचे आलिझे विमान शत्रूच्या लढाऊ विमानाने पाडले. त्यातलेही कोणी परतले नाही. एक आघात पाण्यावर, दुसरा आभाळात, आणि दोहोंमध्ये पुरता एक दिवसही नाही. हे मला ठाऊक होते; पण ऐन दिवाळीत, हातात करंजी घेऊन, त्या माउलीला ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी नुसते म्हटले, ‘‘वहिनी, धोक्याने दोन्हीकडे सारखेच बिऱ्हाड थाटले आहे.’’

मामांना मात्र मी सविस्तर उत्तर दिले. नौदलाचा वैमानिक हा आधी दर्यावर्दी असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. त्याला मधून मधून जहाजावरची नेमणूक घ्यावी लागते, आणि पुढे जहाजाचे कप्तानपदही त्याच्या आवाक्यात असते. पहिली ‘विक्रांत’ पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांसह पाहिली असेल. १८ मे १९६१ रोजी तिच्यावर पहिले जेट विमान उतरवले ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी. हेच ताहिलियानी १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले. १९८७ मध्ये त्यांनी आपली सूत्रे जयंत नाडकर्णी यांच्या हाती दिली, आणि नाडकर्णी जहाजावरच्या परंपरेतले. पुढे २००४ मध्ये नौदलप्रमुख झालेले अरुण प्रकाश हे पुन्हा लढाऊ वैमानिक. पण ‘विराट’ या विमानवाहू नौकेचे कप्तानपद त्यांनी भूषविले होते. अगदी अलीकडची गोष्ट सांगायची, तर २०२३ च्या डिसेंबरात प्रेरणा देवस्थळी यांचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. भारतीय युद्धनौकेची सूत्रे हाती घेणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. नौकेचे नाव ‘त्रिंकट’. आणि या बाई मूळच्या विमानशाखेतल्या, सागरी टेहळणीच्या विमानांवरच्या निरीक्षक!

‘‘म्हणजे जिना दोन्हीकडे आहे,’’ मामा म्हणाले.

‘‘आहे, पण पायऱ्यांची उंची निराळी आहे,’’ मी म्हणालो.

ते खरेच आहे. वैमानिकावर फार लवकर मोठा भार पडतो. पंचविशीतल्या पोराच्या हाती कोट्यवधी रुपयांचे यंत्र आणि सोबत्यांचे प्राण सोपवलेले असतात. जहाजावरचा अधिकारी सावकाश पिकतो. आधी ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या उंच खोलीत, दुसऱ्याच्या हाताखाली उभे राहायचे. मग एकट्याने पहारा सांभाळण्याचा दाखला मिळवायचा. मग तोफा, दिशादर्शन, संदेशवहन किंवा पाणबुडीविरोधी युद्ध यांपैकी एखादी विद्या आत्मसात करायची. मग कप्तानपदाची परीक्षा. मग आधी लहान नौका, नंतर मोठी. वयाबरोबर एकाचे उड्डाण कमी होत जाते, तर दुसऱ्याचे जहाज मोठे होत जाते.

आजीला मी काय सांगणार? जहाज महिनोन् महिने बाहेर असते. विमानांचे तळ जमिनीवर, गोव्याला, कोचीला, अरक्कोणमला, विशाखापट्टणमला असतात हे खरे; पण विमानवाहू नौका निघाली, की तिची विमाने आणि त्यांची माणसेही निघाली. आजी म्हणाली, ‘‘म्हणजे लाडू डब्यातच ऱ्हवतले.’’ या उत्तरावर कोणाकडेच काही उत्तर नव्हते.

सारे प्रश्न संपल्यावर पोरगा आणि मी दोघेच धक्क्यावर फिरायला गेलो. समोर काळोखात सिंधुदुर्गाची रेषा अंधूक दिसत होती. तिथे मी त्याला विमानाविषयी विचारले, आणि तो असा काही बोलू लागला, की वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा हाच का, असे मला वाटले. कोचीला बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आहे. पण वरून येणाऱ्या वैमानिकाला ती पाटावर सांडलेल्या तांदळाच्या दाण्याएवढी दिसते, असे तो म्हणाला. तो दाणाही स्थिर नसतो. पुढे सरकत असतो, लाटांवर वरखाली होत असतो. त्याच्या पाठीवर जाड पोलादी तारा आडव्या ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यातल्या एका तारेत अडकला, तर विमान थांबते. ‘‘आणि सर, गंमत अशी, की चाके टेकल्याबरोबर इंजिनाचा जोर कमी करायचा नाही. उलट पूर्ण वाढवायचा! आकडा चुकलाच, तर त्याच जोरावर परत उडता आले पाहिजे.’’ थांबण्याच्या क्षणी उडण्याची तयारी ठेवायची, ही विद्या ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. मी विशीचा असतो, तर त्याच रात्री अर्ज लिहायला बसलो असतो.

पण मी विशीचा नव्हतो. वीस वर्षे मुलांच्या चित्रकलेच्या वह्या तपासलेला आणि रात्री जागून कादंबऱ्या खरडलेला माणूस होतो. या दोन्ही धंद्यांनी मला एक गोष्ट शिकवली आहे. कोणत्याही कामातले शिखराचे क्षण सारखेच मोहक असतात. पुस्तक छापून हातात येते तो दिवस, किंवा एखाद्या मुद्दड पोराच्या हातून अचानक जिवंत रेषा उमटते तो तास, यांवर कोणीही भाळेल. पण असे दिवस वर्षाकाठी किती? बाकीचे सारे दिवस म्हणजे त्या कामातला कंटाळा. काम निवडताना त्याचे शिखर पाहू नये, त्यातला कंटाळा पाहावा. जो कंटाळा आपल्याला सोसतो, ते आपले काम.

मी त्याला म्हणालो, ‘‘तारा आणि आकडा राहू दे. विमानातला कंटाळा सांग.’’

तो थबकला. मग हसून सांगू लागला. हवामान निवळण्याची वाट पाहत बसणे. उड्डाणापूर्वी तीच तपासणीची यादी पुन्हा पुन्हा म्हणणे. दरसाल वैद्यांपुढे उभे राहणे आणि आपले डोळे आपल्याला दगा तर देणार नाहीत ना, या धास्तीत राहणे. टेहळणीच्या विमानात बसून तासन् तास करडे पाणी पाहणे, आणि बहुतेक वेळा काहीही न दिसता परतणे.

‘‘आणि जहाजातला?’’

‘‘गंज, सर! गंज खरवडा, रंग द्या, पुन्हा गंज खरवडा. तपासण्या. कागद. आणि पहारे.’’ चार चार तासांच्या पाळ्या असतात. फक्त संध्याकाळच्या चार तासांचे दोन तुकडे केलेले असतात, म्हणजे रोज त्याच माणसाच्या कपाळी तीच रात्र येत नाही, हे त्याने मला समजावून दिले. ‘‘सगळ्यांत वाईट बारा ते चारची. बाहेर मिट्ट काळोख, आत दिव्यांचा मंद उजेड, चार तास कोणी जादा बोलत नाही.’’

‘‘मग तू काय करायचास?’’

तो जरा वेळ गप्प राहिला. लाटा धक्क्याला लागून फुटत होत्या. ‘‘सर, खरं सांगू? त्या पाळीत मला कधी कंटाळा आला नाही. खाली सगळी माणसं झोपलेली असतात, आणि ती आपल्या भरवशावर झोपली आहेत, असं मनात येतं. चार वाजता दुसरा अधिकारी सुटका करायला आला, की मला थोडं वाईटच वाटायचं.’’

मी पुढे काही विचारले नाही. त्याचे उत्तर त्याने स्वतःच्या तोंडाने दिले होते आणि स्वतःच्या कानांनी ऐकले होते. दुसऱ्या एखाद्या मुलाने हाच नेम धरून विमानातल्या करड्या पाण्याविषयी सांगितले असते, तर त्याची वाट आभाळाची, यातही मला शंका वाटली नसती.

सुट्टी संपवून तो परत गेला आणि त्याने जहाज अशी पसंती लिहून दिली. नौदलानेही ती मानली. आता तो एका युद्धनौकेवर आहे. मध्यंतरी त्याने घरी फोन केला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. आपल्या जहाजाच्या मागच्या अंगाला हेलिकॉप्टर उतरायची जागा आहे, त्याला ठेवायला खोली आहे, त्याचे वैमानिक आमच्याच पंगतीला जेवतात, असे तो कौतुकाने सांगत होता. तांडेलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘बघा गुरुजी! मी म्हटलंय पोर आभाळातून सुटलो, तर ह्यांनी आभाळच बोटीर हाडून ठेवल्यानी!’’