पंधरा नावांची यादी

न्यूझीलंडमध्ये रग्बी युनियन या पंधरा खेळाडूंच्या खेळाचा (तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगहून तो वेगळा) राष्ट्रीय संघ, म्हणजे ऑल ब्लॅक्स, जाहीर होतो तेव्हा प्रसिद्ध होते ती वरवर पाहता निव्वळ नावांची यादी. तरीही तेथील प्रेक्षकाच्या आयुष्यात ती जितकी जागा व्यापते तितकी सामन्याचा निकालही क्वचितच व्यापतो, कारण निकाल एकदा लागला की तो मान्य करावा लागतो, यादी मात्र कधीच मान्य करावी लागत नाही. १९७५च्या सुमारास वायकाटो प्रांतात, हॅमिल्टनभोवतीच्या दुभत्या मुलखात जन्मलेला एखादा प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवला, तर त्याच्या वाढत्या वयाबरोबर या यादीचे आणि तिच्यावरील वादाचे रूप कसे पालटत गेले ते नीट उलगडते.

त्याच्या बालपणी रग्बी हौशी होती, म्हणजे खेळण्याबद्दल पैसे घेण्यास नियमानेच बंदी होती. प्रांतिक संघटनांची राष्ट्रीय स्पर्धा १९७६पासून सुरू झाली होती, आणि तिच्याही वर मान होता तो रॅनफर्ली शील्डचा, म्हणजे धारक संघ बहुधा आपल्याच मैदानावर आव्हानवीराविरुद्ध पणाला लावतो आणि हरल्यास तिथल्या तिथे गमावतो अशा फिरत्या ढालीचा. हॅमिल्टनच्या मैदानावर गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजवणाऱ्या गर्दीत वाढलेल्या मुलाने बहुतेक उमेदवार आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असत. कोणी आपल्या प्रांताकडून, कोणी आपल्या प्रांताविरुद्ध. नावे रेडिओवरून वाचली जात, कित्येक खेळाडूंनाही आपली निवड तशीच कळे, आणि त्यानंतर घरोघरी जो वाद पेटे त्यात पक्षपात भरपूर असला तरी पुरावा सर्वांपाशी सारखाच असे.

या वादाचे सर्वांत तीव्र रूप १९९० साली दिसले. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी परस्परांना भिडून चेंडूसाठी रेटतात त्या रचनेत, सर्वांत मागे राहणाऱ्या खेळाडूस ‘नंबर एट’ म्हणतात. त्या जागी खेळणाऱ्या वेन ‘बक’ शेल्फर्डने कर्णधार म्हणून एकही कसोटी गमावली नव्हती, तरी स्कॉटलंडविरुद्धची मालिका जिंकल्यानंतर त्याला वगळण्यात आले. त्याच्या जागी आलेला झिन्झन ब्रुक आणि नवा कर्णधार गॅरी व्हेटन हे दोघेही ऑकलंडचे असल्यामुळे उर्वरित देशाला कारणमीमांसेची गरजच उरली नाही, आणि ‘बकला परत आणा’ असे फलक पुढे कित्येक वर्षे मैदानांवर झळकत राहिले. शेल्फर्ड नॉर्थ हार्बरचा, तेव्हा वायकाटोच्या पंधरा वर्षांच्या मुलाने त्याच्यासाठी हळहळावे असे प्रांताचे नाते नव्हते. पण ऑकलंडविषयीचा संशय हा वायकाटोत जणू वारशानेच मिळतो. ब्रुक हा विलक्षण खेळाडू होता, हे मान्य करायला त्या मुलाला पुढली काही वर्षे लागली असणार. दरम्यान १९९३ साली ऑकलंडने १९८५पासून ६१ वेळा राखलेली ढाल वायकाटोने त्यांच्याच ईडन पार्कवर १७–६ अशी जिंकून घेतली, आणि हौशी काळातील प्रांताभिमानाचा तो बहुधा शेवटचा मोठा सोहळा ठरला.

ऑगस्ट १९९५मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळ व्यावसायिक असल्याचे जाहीर केले. त्याआधीच जूनमध्ये दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघटनांनी रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दहा वर्षांसाठी ५५ कोटी अमेरिकी डॉलरांचा प्रक्षेपण करार केला होता, आणि त्यातून १९९६ साली ‘सुपर १२’ ही लीग उभी राहिली. न्यूझीलंडच्या २७ प्रांतिक संघटना पाच संघांत गोळा केल्या गेल्या. वायकाटोचा प्रेक्षक ‘चीफ्स’ संघाचा झाला, ज्यात नॉर्थ हार्बरही होते. लीगचा दर्जा उत्तम होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढील विस्तार प्रेक्षकाच्या भुकेपेक्षा प्रक्षेपणाच्या बाजारपेठेला अधिक जुळणारा होता: २००६ साली संघ चौदा झाले, २०११मध्ये पंधरा, आणि २०१६ साली अर्जेंटिनाचा हाग्वारेस व जपानचा सनवुल्व्ज धरून अठरा. सगळे सगळ्यांशी खेळेनासे झाले, गटवार गुणतक्त्याचे गणित इतके किचकट झाले की २०१७च्या बाद फेरीत न्यूझीलंडच्या हरिकेन्सला आपल्याहून कितीतरी कमी गुणांच्या, ऑस्ट्रेलियाच्या ब्रंबीजच्या मैदानावर जावे लागले, आणि दक्षिण आफ्रिकेतील सामने न्यूझीलंडमध्ये मध्यरात्रीनंतर दिसत. २०१८ साली तीन संघ कमी करण्यात आले, ही त्या फुगवट्याची कबुलीच होती.

यादीवरील वादाचा पुरावा विरळ होत गेला, ही या विस्ताराची खरी किंमत मानली पाहिजे. स्टीव्हन डोनाल्डचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘फर्स्ट फाइव्ह’ या, आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या दहा क्रमांकाच्या जागी खेळणारा डोनाल्ड वायकाटोच्या लोकांनी वर्षानुवर्षे मैदानात पाहिलेला होता. उर्वरित देशाने त्याला जोखले ते २०१० साली हाँगकाँगमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या क्षणी २६–२४ असा गमावलेल्या एका सामन्यावरून, तेही दूरचित्रवाणीवर. पुढच्याच वर्षी मायदेशातील विश्वचषकात त्याच जागेचे डॅन कार्टर आणि कॉलिन स्लेड जायबंदी झाले, तेव्हा यादीबाहेरच्या डोनाल्डला वायकाटो नदीवर व्हाइटबेट ही चिमुकली मासळी पकडत असताना बोलावणे आले. अंतिम सामन्यात ॲरन क्रुडेनही दुखावल्यावर तो उतरला आणि त्याच्या पेनल्टीच्या तीन गुणांमुळे न्यूझीलंड फ्रान्सविरुद्ध ८–७ असा जिंकला. एका पेनल्टीने निवडीतील तर्क सिद्ध होत नाही, पण वायकाटोत हे कोणाला पटवून देणे अशक्यच.

मधल्या काळात कित्येक संघ लीगबाहेर पडल्यानंतर २०२२ साली फिजीचा द्रुआ आणि मोआना पासिफिका हे संघ सामील झाले. पॅसिफिक बेटांनी कित्येक दशके खेळाडू पुरवले आणि लीगमध्ये स्वतःचा संघ मात्र त्यांना मिळाला नाही, हे पाहता एवढा एक विस्तार न्यायाचा होता. उलट २०२४नंतर मेलबर्नचा रेबेल्स संघ बंद पडला, आणि संघांची संख्या अकरावर आली.

आता पन्नाशीला टेकलेल्या त्या प्रेक्षकाचा वाद पात्रतेच्या नियमापाशी येऊन थांबला आहे: ज्याचा न्यूझीलंडच्या संघटनेशी करार नाही, तो ऑल ब्लॅक्ससाठी निवडला जात नाही. २०२३च्या विश्वचषकानंतर दहा क्रमांकाचा रिची मोउंगा टोकियोला खेळायला गेला तेव्हा हा नियम शिथिल करावा, दक्षिण आफ्रिका परदेशी खेळणाऱ्यांना घेऊनच दोन विश्वचषक जिंकली, असा युक्तिवाद जोरात झाला. देशातील लीग रिकामी होईल, हे त्याला दिले जाणारे उत्तर वजनदारच आहे. परंतु वायकाटोत नियमाचा कैवार घेताना आणखी एक गोष्ट मनात असणार, ती अशी की मोउंगा नसल्यामुळेच २०२४मध्ये दहा क्रमांक चीफ्सच्या डेमियन मकेन्झीला मिळाला होता. सप्टेंबरमध्ये तो क्रमांक मकेन्झीकडून बोडन बॅरेटकडे गेला. बॅरेट मूळचा तारानाकीचा, पण खेळतो ऑकलंडच्या ब्लूजकडून, आणि हॅमिल्टनमध्ये एवढा दुवा पुरेसा ठरतो.