काजळलेली काच

दादा रात्री पाणी धरायला मळ्यात जायचे. आई ओट्यावर बसून परतणारा कंदील बघायची आणि नुसत्या उजेडावरून अंतर सांगायची, “ओढ्यापाशी आले.” मग चुलीवर तवा चढायचा. एकदा ती फसली. उजेड मिणमिणता, म्हणून ती निवांत बसून राहिली, तर दादा थेट गोठ्याशीच. कंदिलाची काच काजळली होती.

खगोलशास्त्रज्ञांचा कंदील म्हणजे फुटणारा श्वेतबटू. इंधन संपलेल्या ताऱ्याचा पृथ्वीएवढा उरलेला गाभा. जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून किंवा दुसऱ्या श्वेतबटूवर आदळून तो पेटतो. सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पटीपलीकडे त्याला स्वतःचं वजन पेलत नाही, हे गणित १९३० साली मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी बोटीवर मांडायला घेतलं.

इंधन मापातलं, म्हणून उजेडही मापातला, हा भरवसा. तो पुरता खरा नाही. जास्त तेजस्वी स्फोट सावकाश विझतात, हे मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं. तेवढी दुरुस्ती करून १९९८ साली दोन गटांनी दूरचे स्फोट मोजले, तर ते अपेक्षेपेक्षा मंद निघाले. म्हणजे ते अधिक लांब, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेग घेतंय! २०११ चं नोबेल याच शोधाला.

मला मात्र आई आठवते. लांब आहे, की काच काजळलीय? वाटेतली धूळ उजेड तांबूस करते, ती रंगावरून ओळखता येते. पण तेलच वेगळं असेल तर? पूर्वीच्या विश्वात जड मूलद्रव्यं कमी होती आणि फुटणारे तारेही तरुण. शिवाय वजनदार दीर्घिकांतले स्फोट सगळ्या दुरुस्त्यांनंतरही जरा जास्तच उजळ भरतात. २०२५ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी ताऱ्याच्या वयाचा परिणाम मोठा ठरवून थेट प्रवेगावरच शंका घेतली. अनेकांना ते पटलेलं नाही, मलाही नाही. प्रवेगाचे पुरावे इतरही आहेत. पण काच तपासायला काय हरकत आहे?

जेम्स वेब दुर्बिणीला अकरा अब्ज वर्षांहून जुना एक स्फोट सापडला. नेहमीपेक्षा तांबडा, तरी दुरुस्त्या केल्यावर त्याचं तेज आजच्या स्फोटांशी जुळलं. इतक्या लांबचे कंदील अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.