वारुळाच्या दोन लेकी

भोपाळच्या पूर्व अंगास, बायपास रस्त्यालगत अयोध्या नगर ही वस्ती आहे. आज तेथे घरांच्या रांगा दिसतात. रान पाहावयाचे तर रायसेनच्या वाटेने सागाच्या टेकड्यांकडे वळावे लागते. पावसाळ्यात मध्य प्रदेशाच्या रानांत वारुळाची अळंबी उगवते. मंडल्याकडे तिला ‘पिहरी’ म्हणतात. गोमंतकात हिचेच नाव ‘रोयण अळमी’.

हिच्या कुळास ‘टर्मिटोमायसेस’ हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम ह्यांनी १९४२ साली दिले. त्यातील दोघी बहिणी ओळखून ठेवाव्यात. थोरली ‘हेमी’. तिची छत्री तळहाताएवढी होते आणि देठ मुळासारखा लांबत वाळवीच्या भूमिगत बागेपर्यंत पोहोचतो. धाकटी ‘मायक्रोकार्पस’ अंगठ्याच्या नखाएवढी. तिला तसे मूळ नसते. वाळवी बागेतील तुकडे बाहेर आणून टाकते, त्यांवर ती शेकड्यांनी उगवते.

दोघींची माळीण एकच, ती वाळवी. मनुष्यास ही लागवड अद्याप साधलेली नाही. म्हणून थोरलीसाठी कुदळीने वारूळ फोडू नये. देठ जमिनीलगत कापावा. बाग शाबूत राहिली, तरच पुढील पावसाळ्यात तेथे अळंबीची आशा.

आणखी एक सावधगिरी. वस्त्यांतील गवतावर एक पांढरी, विषारी अळंबी उगवते. तिच्या छत्रीखालील पापुद्रे पुढे हिरवट होतात, परंतु कोवळेपणी पांढरेच असतात. यास्तव जाणत्याने ओळखल्यावाचून कोणतीही अळंबी चुलीवर चढवू नये.