उतरवलेला टायर

दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कंपनीचा असतो. सीएट घ्यावा का एमआरएफ, अपोलो बरा का ब्रिजस्टोन? दुसरा प्रश्न दराचा. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत, पण उत्तर देण्याआधी मला गाडी जॅकवर घ्यायची असते. जुने टायर बघितल्याशिवाय नवे सुचवायचे नाहीत, ही आमच्या दुकानाची रीत आहे. कोल्हापुरात महामार्गाच्या कडेला टायर आणि अलाइनमेंटचं काम करता करता माझं मत पक्कं होत गेलं की नवा टायर कोणता घ्यावा हे उतरवलेल्या टायरइतकं नेमकं कुणीच सांगू शकत नाही. कंपनीचा कागद सांगत नाही, शेजाऱ्याचा अनुभव तर नाहीच नाही.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत राहिली, तर त्या गाडीत हवा कायम कमी असते. मधोमध झिजला, तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर आमच्याकडे म्हणतात, गाडी टायर खातीय. नक्षीत थोड्या थोड्या अंतरावर खोलगट खळगे पडले असतील, तर शॉकअब्जॉर्बर संपलेत. हे सगळं नजरेला दिसतं. न दिसणारी एक झीज मात्र हातालाच कळते. गाडी वर घ्यायची, चाक स्थिर धरायचं आणि तळहात नक्षीवरून आडवा फिरवायचा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने हात सरळ घसरत जातो आणि उलट येताना प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांत करवतीसारखी अडकते. म्हणजे टो बिघडलाय. ते चाक सरळ फिरतच नाही, जरासं तिरकं राहून रस्त्यावर घासत जातं. मी गिऱ्हाइकाचाही हात तिथून फिरवायला लावतो, कारण एकदा ती कड बोटाला लागली की अलाइनमेंट कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. अशा गाडीला जगातला सगळ्यात महाग टायर घातला, तरी गाडी तोही खाणार.

काही टायर झिजलेलेच नसतात. निवृत्त गुरुजींची गाडी असते, बाजार आणि देवळापुरती बाहेर निघते, बाकी दिवस उन्हात उभी. "नक्षी तर अजून भरपूर आहे की," असं ते म्हणतात आणि खरंच असते. मग मी साइडवॉलवर लंबगोल चौकटीतले चार आकडे दाखवतो. 1817 म्हणजे 2017 सालचा अठरावा आठवडा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि रिमच्या वर बारीक भेगांचं जाळं पडलेलं असतं, नख दाबलं तर रबर दबत नाही. रबर वापराने झिजतं तसं न वापरताही कडक होतं. सहा वर्षं झाली की दर वर्षी टायर दाखवून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, तो रस्त्यावर ठेवूच नये. नवा घेतानाही हे चार आकडे स्वतः वाचा, चारही टायरवरचे. दुकानदाराने कपाळाला आठी घातली तरी वाचा. शेजारी आयएसआयची खूणही बघून घ्या.

आता मापाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतो. स्विफ्टचं उदाहरण घेऊ, रस्त्यावर ती सगळीकडे दिसते. तिच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर14 टायर येतो आणि वरच्या मॉडेलला 185/65 आर15. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा साइडवॉलची उंची, रुंदीच्या किती टक्के ती. आर म्हणजे रेडियल आणि शेवटी रिमचा व्यास इंचांत. 185चे 65 टक्के म्हणजे साधारण 120 मिलिमीटर. वरखाली दोनदा धरायचे आणि त्यात 15 इंच, म्हणजे 381 मिलिमीटर मिळवायचे. अख्ख्या चाकाची उंची होते 621 मिलिमीटरच्या आसपास. 165/80 आर14चा हिशेब केला तर तीही जवळजवळ 620 येते. म्हणून दोन्ही मापं एकाच गाडीला चालतात. स्पीडोमीटर, गिअर, ब्रेक सगळं त्या उंचीवर बेतलेलं असतं.

तरुण मुलं येतात त्यांना 16 इंची अलॉय हवं असतं. त्यावर 195/55 आर16 बसतो आणि उंची तीच भरते, त्यामुळे हिशेबात खोट नाही. पण रिम मोठं झालं ते रबराच्या जागेत. 14 इंची चाकात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये 132 मिलिमीटरची साइडवॉल होती, 15 इंचीत 120 राहिली, 16 इंचीत 107. पंचवीस मिलिमीटर, म्हणजे इंचभर गेलं. त्या इंचाची किंमत पहिल्या पावसाळ्यातला पहिला मोठा खड्डा वसूल करतो. रिम वाकतं नाहीतर टायरच्या कुशीत फुगा येतो. फुगा म्हणजे आतले दोरे तुटले. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, माझ्याकडेही नाही, तो टायर त्याच दिवशी काढायचा. म्हणून आपल्या रस्त्यांवर गाडीची शोभा वाढवायला रिम मोठं करू नये असं माझं ठाम मत आहे आणि विक्री बुडाली तरी ते मी काउंटरवर सांगतो. कुणाला तेच रिम ठेवून नुसता जाड टायर हवा असतो, 185/65च्या जागी 205/65. त्याची उंची चार टक्क्यांनी वाढते. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे चारने पळत असते आणि चाक पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो.

मापापुढे 88एच असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते सहसा कुणी वाचत नाही. 88 म्हणजे एका टायरने पेलायचं कमाल वजन 560 किलो आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतची क्षमता. 85 असेल तर 515 किलो. स्विफ्टचंच 185/65 आर15 हे माप अर्टिगालाही लागतं. तीत सात माणसं बसतात, टपावर सामान बांधलं जातं आणि गाडी पंढरपूर किंवा तुळजापूरच्या वाटेला लागते. त्या गाडीला वजनाचा आकडा कंपनीने दिलाय त्याहून खाली जाता कामा नये. भाड्याने माणसं भरून नेणारी वडापची गाडी असेल तर हे मी दोनदा सांगतो. वेगाच्या अक्षराची मात्र फार चिंता नको. टी अक्षराचा टायरसुद्धा ताशी 190ला चालेल असा बनवलेला असतो.

मग समृद्धी महामार्गावर टायर का फुटतात, असं लोक विचारतात. तिथे वेगमर्यादा 120 आहे, म्हणजे टायरच्या क्षमतेच्या बरीच खाली. पण 701 किलोमीटरचा सरळ सिमेंटचा रस्ता, भर मे महिना आणि टायरमध्ये हवा कमी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला कुशीत दबतो आणि उलगडतो. या मुडपण्यातून उष्णता तयार होते. गावातल्या रस्त्यावर गाडी थांबते, वळते, टायरला उसंत मिळते. समृद्धीवर तास न् तास तोच वेग असतो, आत साठलेली उष्णता बाहेर पडत नाही आणि थर सुटायला लागतात. टायर जुना, भेगाळलेला असेल तर मग विचारायलाच नको. परिवहन विभागाने या महामार्गावर प्रवेशापाशी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा बरेच जण चिडले होते. मला ते पाऊल फार मोलाचं वाटलं. नायट्रोजन भरून टायर फुटण्याचा धोका टळतो अशी समजूत आहे. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर भरा, पण दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेला दाब, गाडी थंड असताना, दर पंधरा दिवसांनी बघा. खरं काम त्याने होतं.

आमचं गिऱ्हाईक समृद्धीपेक्षा घाट जास्त उतरतं. गगनबावडा, आंबा, आंबोली. कोकणात माहेर, कोकणात सासर, रत्नागिरीत नोकरी. त्यामुळे टायर निवडताना माझ्या डोळ्यांपुढे जुलैतला गगनबावड्याचा उतार असतो. रस्त्याला प्रत्येक टायरचा फक्त तळहाताएवढा भाग टेकतो आणि नक्षीच्या खाचांना तेवढ्या जागेखालचं पाणी बाजूला सारावं लागतं. पाणी सारलं गेलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो, मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायदा 1.6 मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो. खाचेच्या तळाशी आडवी उंचवट्याची पट्टी असते, रबर झिजून तिच्या बरोबरीला आलं की हद्द झाली. पण ती कायद्याची हद्द. ज्याला पावसाळ्यात घाट उतरायचाय त्याने तीन मिलिमीटरलाच टायर बदलावेत. मेमध्ये गाडी आली आणि खाच तीनच्या खाली असेल, तर पावसाळा काढून बघू असं मी कुणालाही म्हणत नाही.

"जास्तीत जास्त चालणारा द्या," ही मागणी इथे नीट तपासून घ्यावी लागते. टिकाऊपणा आणि ओल्यातली पकड एकाच वेळी पुरेपूर मिळणं कठीण असतं. रबराचं मिश्रण कडक केलं की टायर किलोमीटर जास्त देतो, पण ओल्या रस्त्याला धरत नाही. मिश्रणात सिलिका घालून कंपन्यांनी हे अंतर बरंच कमी केलंय, पण पूर्ण मिटलेलं नाही. काही टायरवर ट्रेडवेअरचा आकडा आणि ट्रॅक्शनचं अक्षर छापलेलं असतं. आकडा मोठा म्हणजे आयुष्य जास्त, पण तो एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये ताडून बघावा, दोन कंपन्यांमध्ये नव्हे. ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचं असतं, त्यात डबल ए सगळ्यात वरचं. सोलापूरच्या बाजूला कोरड्या सरळ रस्त्यावर रोज धंद्यासाठी फिरणारा माणूस कडक टायर घेऊन पैसे वाचवतो आणि ते बरोबरच आहे. बायकापोरं घेऊन दर महिन्याला घाट उतरणाऱ्याने चार-पाच हजार किलोमीटर कमी मिळाले तरी पकडीचा टायर घ्यावा.

पैशाची अडचण असते तेव्हा लोक दोनच टायर बदलतात. त्यात गैर काही नाही. नवे कुठे बसवायचे यावर मात्र दर वेळी वाद होतो. "गाडी पुढची चाकं ओढत्यात न्हवं, मग नवं पुढंच नको काय?" तर नको. नवे मागे बसवा. ओल्यात पुढची पकड सुटली तर गाडी वळायची ते सरळ जाऊ लागते. माणसाचा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून उठतो आणि गाडी पुन्हा हाती येण्याची शक्यता राहते. मागची पकड सुटली की गाडी शेपूट पुढे घालून फिरते. ती सावरणं सराईत ड्रायव्हरलाही अवघड जातं. एका बाजूला दरी असलेल्या रस्त्यावर कुठली चूक परवडेल हे बघून ठरवा, असं मी सांगतो. बहुतेक जण तेवढ्यावर मान्य करतात.

स्टेपनीकडेही बघा. वर्षानुवर्षं डिकीत पडलेला टायर नक्षीने नवा दिसतो, पण तारखेने म्हातारा असतो. नेहमीच्या मापाहून बारीक स्टेपनी दिली असेल, तर तिच्यावरच लिहिलेलं असतं की ताशी 80च्या वर जायचं नाही. तेवढं पाळा आणि पंक्चर काढून घ्यायला लगेच वळा.

नवे टायर बसवताना बाण फिरण्याच्या दिशेने आहे का आणि आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर आलीय का, हे माझा मुलगा बघतो आणि मी पुन्हा बघतो. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा अंश नव्या रबरावर राहिलेला असतो, म्हणून पहिले दोनतीनशे किलोमीटर जोरात ब्रेक नको, वळणं बेताने. आणि शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यायला या. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.