दोरीखालचं रोप

१८ ऑक्टोबर, लाखनी
नुसतं ‘स्टॅटिस्टिशियन’ टाकून जाहिराती शोधल्या की हाती फारसं लागत नाही. एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचं काम वेगळ्याच नावांनी निघतं. आयसीएआरच्या संस्थांत ‘यंग प्रोफेशनल’ किंवा ‘एसआरएफ’, मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनमधली संख्याशास्त्राची जागा, कुठे ‘प्रोजेक्ट असोसिएट’. म्हणून आता थेट शैक्षणिक अर्हतेची ओळ वाचते. नागपूरची कापूस संशोधन संस्था आणि सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज त्याच नजरेनं पाहिलं. आपल्या भागात धान आहे, सिकलसेल आहे. नीट मोजणारी माणसं लागणारच.

२५ ऑक्टोबर
हलकं धान कापणीला आलंय. मोठेबाबांच्या बांधीत पीक कापणी प्रयोग झाला. नैऋत्य कोपऱ्यापासून, यादृच्छिक आकडे निघाले तितकी पावलं लांबीत नि रुंदीत मोजून कृषी सहायकांनी पहिली खुंटी ठोकली, मग १० बाय ५ मीटरची दोरी ताणली. एक रोप नेमकं दोरीखाली आलं. मोठेबाबा म्हणाले, “घ्या ना साहेब, एकच तर आहे.” सहायकांनी वाकून बुंधा पाहिला. बुंधा दोरीबाहेर होता, रोप सोडलं.

त्या रोपात केवढं संशोधन दडलंय! असं काठावरचं रोप आत धरण्याकडे माणसाचा कल असतो. १ चौरस मीटरच्या तुकड्याला ४ मीटर काठ. ५० चौरस मीटरला ३०, म्हणजे चौरस मीटरमागे फक्त ०.६. तुकडा लहान तितका उतारा फुगतो. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी हे दाखवून दिलं, तेही महालनोबिसांसारखे संख्याशास्त्रज्ञ लहान तुकड्यांच्या बाजूनं उभे असताना. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. पानसे-सुखात्मे यांचं १९५४ चं पुस्तक शेतकी संशोधकांच्या पिढ्यांनी वापरलं.

३ नोव्हेंबर
बाबांनी पगाराचं विचारलं. सीएसआयआर-नेटमध्ये आमचा विषय गणितीय विज्ञानात येतो. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये. प्रकल्पावरची जागा प्रकल्पासोबतच संपते. हे मला मनापासून खटकतं. कोणत्या गावची नोंद पक्की आणि कुठली अंदाजानं भरलेली, हे ज्याला ठाऊक तोच माणूस निघून जातो, आणि मागे उरते एक्सेलची फाइल.

१० नोव्हेंबर
एका प्राध्यापकांना मेल लिहिला. आर येतं, एसपीएसएस येतं, ही यादी एका ओळीत आटोपली. बाकी पत्रभर बांधीतलं ते रोप. पीकविम्याची भरपाई ठरवताना हा उतारा धरला जातो, मग दोरी ताणण्यातल्या चुकीनं महसूल मंडळाची सरासरी किती हलते, हे तपासायचं आहे असं लिहिलं. त्यासाठी एकाच शेतात लहान-मोठे तुकडे कापून पाहण्याचा आराखडाही जोडला. भारी धान अजून उभं आहे. त्यांनी होकार दिला तर याच हंगामात सुरुवात करता येईल. मोठेबाबांनी एक बांधी राखून ठेवायचं कबूल केलंय.