परकराची नाडी

धाकटी भाची सुरतेला माझ्याकडे राहते. उधन्याला साड्यांच्या डिझाइनचं काम करते. एका रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याशी येऊन म्हणाली, "मावशी, मला एक ऑपरेशन करायचंय. आईला सांगू नकोस."

माझ्या पोटात गोळाच आला. गाठ, असंच मनात आलं. पण गाठ नव्हती. स्तनांवरची वर्तुळं तिला फार मोठी वाटत होती, ती लहान करून घ्यायची होती. वैशाखात लग्न. त्याच्या आत.

मी आधी हसले, मग रागावले. दोन्ही चुकलंच. ती उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चल, मी येते तुझ्याबरोबर."

या भागाला आपल्या घरात नावसुद्धा नाही. डॉक्टर त्याला एरिओला म्हणतात, पुस्तकात स्तनमंडल असतं. आपण बायका नुसतं 'तिथलं' म्हणून पुढे जातो. जिला नाव नाही त्या गोष्टीबद्दल मुलीने विचारावं तरी कुणाला? तिने मोबाइलला विचारलं, आणि मोबाइलने तिला गुळगुळीत फोटो दाखवले.

डॉक्टरीणबाई अडाजणच्या, वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी पडद्याआड तपासलं, फूटपट्टीसारख्या पट्टीने मोजलं आणि म्हणाल्या, "बेटा, साधारण चार सेंटिमीटर असतं म्हणतात, पण बायकाबायकांत खूप फरक असतो. तुझं थोडं मोठं आहे. आजार काही नाही."

मग त्यांनी कागदावर दोन वर्तुळं काढली, एकात एक. मधली कड्यासारखी काळसर कातडी काढायची आणि बाहेरच्या कडेतून कायमचा टाका घालून तो ओढून घ्यायचा. "परकराची नाडी ओढतो ना, तसं," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी एकदम हसलो. तेवढीच जागा बधिर करून तास-दीड तासात होतं, संध्याकाळी घरी. व्रण कडेने गोल राहतो, सहसा फिका होतो, कुणाचा जाडही होतो. संवेदना कमी होऊ शकते. दूध पाजता येतं बहुतेकींना, पण हमी कुणी देत नाही. आणि गरोदरपणात ते वर्तुळ पुन्हा पसरू शकतं. म्हणून मुलं व्हायची असतील तर आम्ही थांबायला सांगतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

भाचीने त्यावरच्या बारीक पुटकुळ्यांबद्दल विचारलं. तिला तो रोग वाटत होता! त्या माँटगोमेरीच्या ग्रंथी, एकोणिसाव्या शतकातल्या एका आयरिश डॉक्टरच्या नावाच्या. त्यातून स्निग्ध द्रव येतो, कातडी मऊ राहते, आणि त्याच्या वासावर बाळ तोंड वळवतं. दोन मुलांना पाजलं मी, मला हे माहीत नव्हतं.

खर्चाचं मीच विचारलं. हिशोबी घरातली ना! मेडिक्लेम मिळत नाही, वर 18 टक्के जीएसटी. जन्मजात व्यंग किंवा अपघात असेल तर हा कर नाही, नुसत्या रूपासाठी असेल तर आहे. सरकारने सुद्धा फरक ठरवून ठेवलाय. पण सोळाव्या वर्षापासून मैत्रिणींसमोर कपडे न बदलणाऱ्या मुलीचं दुःख कुठल्या खान्यात घालायचं?

रिक्षात ती गप्प होती. पुलावर तापीचा वारा लागला तेव्हा हळूच म्हणाली, "मावशी, तुझं कसं आहे गं?"

अशा प्रश्नावर मी आईला कधी तोंड उघडू दिलं नसतं, आणि आईनेही मला. थोरला झाला तेव्हा माझं सगळं काळं पडलं, पसरलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, असंच होतं. पण मी सत्तावीस वर्षं दिवा मालवूनच कपडे बदलले. यांनी कधी काही म्हटलं नाही. मीच ठरवून टाकलं होतं. प्रवचनात काया नाशिवंत म्हणून ऐकायचं, मान डोलवायची, आणि घरी येऊन तिचीच लाज धरायची, असा माझा कारभार.

घरी आल्यावर मी खोलीची कडी लावली. दिवा तसाच ठेवला. तिने पाहिलं, बराच वेळ. "अय्या, माझ्यापेक्षा मोठं आहे," म्हणाली आणि खुदकन हसली.

ऑपरेशन तिने रद्द केलं नाही, पुढे ढकललं. मुलं झाल्यावर बघू म्हणते. होणाऱ्या नवऱ्याला मात्र तिने आधीच सांगून टाकलं, फोनवर, गच्चीत उभं राहून. तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही. खाली आली तेव्हा तिने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

फाइल माझ्या कपाटात आहे, पैठणीच्या खाली. अमळनेरच्या माझ्या बहिणीला अजून ठाऊक नाही. हे छापून आलं की कळेल, आणि मग तिचा फोन येईल.